वऱ्हाडातला 'ऱ्ह' हरवला : एका बग रिपोर्टच्या नोंदी

जुलै ते ऑक्टोबर २०२५. अकोला जिल्ह्यातलं तालुक्याच्या गावचं 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय, ११,००० च्या आसपास ग्रंथ, आणि दाखल नोंदवहीतून संगणकावर यादी चढवण्याचं काम. या कामात वापरत असलेल्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये एक दोष निघाला. तो कसा कळवला आणि दुरुस्त होऊन कसा आला, ते इथे आहे. ज्यांना मराठीचा एखादा दोष परदेशातल्या मेंटेनरला, म्हणजे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसाला, समजावून सांगायचा आहे, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. दोन-तीन माणसं आपापली नोकरी सांभाळून ते चालवतात आणि हा दोष आता त्यात उरलेला नाही. त्यांचं नाव शोधणाऱ्याला आधी जुना दोष दिसावा, हे मला बरोबर वाटत नाही.

२८ जुलै, सोमवार

एका वाचकाला वऱ्हाडी बोलीवरचं पुस्तक हवं होतं. शोधखिडकीत 'वऱ्हाड' टाकलं, उत्तर शून्य. आमचे शिपाई काका कपाटातून पुस्तक घेऊनच आले. "म्याडम, संगणक काहीही म्हनो, पुस्तक त माह्या हातात हाय."

नोंद उघडून पाहिली तर तिथे 'वर्हाड' होतं. र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर बसला होता. मग चाळत गेले : शेतकऱ्यांचे 'शेतकर्यांचे', गावकऱ्यांचे 'गावकर्यांचे', डोंगरदऱ्यांचे 'डोंगरदर्यांचे'. आमच्या भागातल्या वाचनालयात शेतकरी आणि वऱ्हाड हे दोन शब्द नसलेलं कपाट सापडायचं नाही.

पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायची लेबलं याच यादीतून छापली होती. ४०० रुपयांच्या आसपासचे लेबलताव वाया. छपाई थांबवली आणि यादी ज्या सीएसव्ही फाइलमधून (साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या फाइलमधून) चढवली होती, तिची मूळ प्रत पेनड्राइव्हवर काढून बाजूला ठेवली. ही प्रत पुढे फार कामी आली.

३० जुलै

सगळ्या नोंदी बिघडलेल्या नाहीत. काही 'शेतकऱ्यांचे' अगदी नीट आहेत, काही मोडलेले, आणि दोन्ही एकाच फाइलमधून आलेले.

घरच्या लॅपटॉपवर तेच सॉफ्टवेअर टाकलं, चार शब्द टाइप करून नवी सीएसव्ही बनवली, आयात केली. एकही शब्द मोडला नाही. मग वाचनालयाच्या संगणकावर संशय. फाँट बदलून पाहिला, ब्राउझर बदलला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. संध्याकाळ त्यातच गेली आणि हाती काही लागलं नाही.

या घडीला रिपोर्ट पाठवला असता तर त्यात 'कधी होतं, कधी होत नाही' याखेरीज लिहायला काही नव्हतं. असा रिपोर्ट मेंटेनरच्या गळ्यात फक्त एक कोडं अडकवतो. म्हणून थांबले.

२ ऑगस्ट, शनिवार

कोडं सुटलं. पडद्यावर दिसणारं अक्षर पाहणं सोडलं आणि फाइलमधले बाइट, म्हणजे संगणक अक्षरांसाठी साठवतो ते आकडे, पाहिले. लिनक्सवर हेक्सडम्प ही आज्ञा असते, ती एकेक बाइट छापून दाखवते.

'ऱ्ह' दोन प्रकारे लिहिलेला निघाला. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग ह. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक प्रमाणातल्या क्रमांकांत यू+०९३१, यू+०९४डी, यू+०९३९. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, आणि मग ह : यू+०९३०, यू+०९४डी, यू+२००डी, यू+०९३९. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत, आणि चांगला फाँट दोन्ही हुबेहूब सारखेच दाखवतो. आयात केल्यानंतर दुसऱ्या प्रकारातला यू+२००डी नाहीसा झालेला. तो गेला की उरतो र, हलन्त, ह. त्याचा रफार होणारच.

घरी का झालं नाही, तेही कळलं. मी इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप करते. तिथे र च्या कीवर शिफ्ट दाबली की ऱ येतो, म्हणजे माझ्या शब्दांत जॉइनर नसतोच. वाचनालयात नोंदी करणाऱ्या दोघी मुली फोनेटिक कळफलक वापरतात. तिथला कळफलक जॉइनर घालतो. माझ्या नोंदी शाबूत, त्यांच्या मोडलेल्या.

आणखी एक तपासणी केली. जॉइनर असलेला शब्द शीटमधून उचलून सॉफ्टवेअरच्या फॉर्ममध्ये थेट चिकटवला आणि जतन केला. नीट राहिला. म्हणजे दोष साठवणुकीत नाही, दाखवण्यात नाही, फक्त सीएसव्ही आयातीत आहे. एवढं एक वाक्य हातात आलं की मेंटेनरचं निम्मं शोधकाम वाचतं.

५ ऑगस्ट

नवा रिपोर्ट लिहिण्याआधी जुने शोधले. 'मराठी', 'देवनागरी', 'हिंदी' या शब्दांनी एकच सापडला, बंद झालेला. त्यात तीन तक्रारी एकत्र होत्या : अक्षरं बिघडतात, शोध लागत नाही, यादी वर्णमालेच्या क्रमाने येत नाही. खाली 'इतकी साधी गोष्ट जमत नसेल तर सॉफ्टवेअर बनवता कशाला' अशा अर्थाचं वाक्य, आणि मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरपा फोटो. मेंटेनरने सभ्यपणे विचारलं होतं की नमुना फाइल देता येईल का, फोटोत नेमकं काय चुकलं आहे ते मला ओळखता येत नाही. त्यावर उत्तर नाही. काही महिन्यांनी माहितीअभावी बंद.

त्या तक्रारीतला राग मला कळतो. पण मेंटेनरचं म्हणणंही शब्दशः खरं होतं. ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्याला 'वऱ्हाड' आणि 'वर्हाड' यांच्या फोटोत दोन सारख्याच आकृत्या दिसतात. फोटोतून बाइटही काढता येत नाहीत. मराठीचा दोष मराठी न वाचणाऱ्याला दिसेल अशा रूपात देणं, हे खरं काम आहे.

मग भाषेचं नाव सोडून यंत्रणेच्या नावाने शोधलं : 'झिरो विड्थ', 'जॉइनर', 'न दिसणारी चिन्हं'. आम्ही वापरतो त्या नव्या आवृत्तीच्या बदलनोंदीत एक ओळ सापडली, की आयातीत न दिसणारी चिन्हं काढून टाकली जातील. जुनी आवृत्ती घरी उतरवून तीच फाइल आयात केली. दोष नाही. नव्या आवृत्तीत आहे. आधी चालत होतं आणि अमुक आवृत्तीपासून मोडलं, याला रिग्रेशन म्हणतात. रिपोर्टमध्ये हे लिहिता आलं तर शोधायची जागा फार लहान होते.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

नमुना फाइल बनवली. खरी फाइल जोडायचा विचारही करू नका. आमच्या डेटाबेसमध्ये सभासदांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर आहेत, आणि इश्यू ट्रॅकर (दोष नोंदवायची ऑनलाइन जागा) जगाला उघडा असतो. लॉग फाइलसुद्धा जोडण्याआधी वाचून पाहावी, तिच्यात फोल्डरच्या वाटेत माणसाचं नाव असतं.

नमुन्यात एक शीर्षओळ आणि पाच ओळी. पहिली 'वऱ्हाड' जॉइनरवाला. दुसरी 'वऱ्हाड' नुक्त्याच्या ऱ चा. ही बिघडत नाही, तुलनेसाठी ठेवली. तिसरी सिंहली लिपीत 'श्री लंका', कारण सिंहलीतल्या 'श्री'लाही जॉइनर लागतो. चौथी फारसीतलं एक क्रियापद, त्यात जॉइनरचा जोडीदार नॉन-जॉइनर, म्हणजे यू+२००सी असतो.

पाचव्या ओळीवर मी बराच विचार केला. तिथे आई-बाप-मुलीचा कुटुंबाचा इमोजी घातला. तो इमोजी म्हणजे तीन वेगळे चेहरे, मध्ये जॉइनर घालून एकत्र बांधलेले. जॉइनर गळला की कुटुंब फुटून तीन सुटी माणसं ओळीने उभी राहतात. हे पाहायला कुठलीच लिपी यावी लागत नाही. मेंटेनर जर्मन असो, ब्राझीलचा असो, त्याला स्वतःच्या पडद्यावर दोष दिसणार.

भाच्याने सुचवलं, "मावशी, चॅटबॉटला सांग ना, दोन मिनिटांत झकास रिपोर्ट लिहून देईल." इंग्रजीतल्या चुका काढायला मी त्याची मदत घेतली. रिपोर्ट मात्र लिहवून घेतला नाही. न तपासलेलं कारण ठाम भाषेत लिहिलेलं असलं की ते खोडून काढण्यात मेंटेनरचा दिवस जातो. कर्ल या मुक्तस्रोत प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी याच वर्षी जाहीरपणे सांगितलं, की यंत्राकडून लिहवून घेतलेल्या निराधार सुरक्षा-तक्रारी त्यांचा वेळ खात आहेत. माझ्या रिपोर्टमधलं प्रत्येक वाक्य मी स्वतः करून पाहिलेलं असावं, एवढी अट ठेवली.

१२ ऑगस्ट, ग्रंथपाल दिन

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती. वाचनालयात हार घालून झाला, दुपारी रिपोर्ट पाठवला. मूळ इंग्रजीत होता, आशय असा :

*शीर्षक :* सीएसव्ही आयात करताना झिरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर गळतात. मराठी, सिंहली, फारसी शब्द आणि इमोजी बदलतात.

*काय केलं :* सोबतची फाइल आयात पडद्यावरून, सगळे पर्याय जसेच्या तसे ठेवून, आयात केली. मग पाचही नोंदी उघडल्या.

*काय अपेक्षित :* नोंदीतला मजकूर फाइलमधल्या मजकुराशी बाइटगणिक जुळावा.

*काय झालं :* १, ३, ४, ५ या ओळींतून यू+२००डी किंवा यू+२००सी नाहीसे झाले. ओळ २ शाबूत. ओळ ५ मधला इमोजी फुटलेला दिसतो. तोच मजकूर फॉर्ममधून भरला तर शाबूत राहतो. मागच्या आवृत्तीत आयातही नीट होते.

खाली सॉफ्टवेअरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, आयातीआधीचे आणि नंतरचे बाइट. त्याखाली परिणाम सांगणारी दोन वाक्यं : दऱ्या म्हणजे डोंगरांमधले खोल भाग आणि दर्या म्हणजे समुद्र, त्यामुळे ग्रंथाचं नावच बदलतं, आणि वाचकाला शोधताना पुस्तक सापडत नाही. शेवटी एक ओळ : आमचं वाचनालय तुमच्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्याबद्दल आभार, दुरुस्तीची चाचणी करायला मी तयार आहे.

पहिल्या मसुद्यातून बरंच काढलं. 'महोदय, सविनय सादर करण्यात येते की' या चालीची सुरुवात काढली, 'लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही व्हावी' काढलं. आपल्याकडच्या अर्जात ते आदराचं असतं, पण तिकडच्या माणसाला मुद्दा शोधत खाली यावं लागतं. 'तातडीचं' हा शब्दही काढला. वाया गेलेले लेबलताव ही माझी अडचण. त्यांच्या कामाचा अग्रक्रम त्यांनी ठरवायचा.

कारणाबद्दल एकच वाक्य ठेवलं आणि ते अंदाज म्हणून वेगळं लिहिलं : बदलनोंद पाहता युनिकोडमधल्या 'फॉरमॅट' गटातली (न दिसणारी, मांडणीसाठीची) सगळीच चिन्हं काढली जात असावीत असं वाटतं, मी कोड तपासलेला नाही. पाहिलेलं एका बाजूला आणि वाटलेलं दुसऱ्या बाजूला ठेवलं की वाचणारा फसत नाही.

शोधाबद्दलची आणि वर्णक्रमाची तक्रार यात घातली नाही. तो जुना रिपोर्ट त्यामुळेच अडला होता. एक दोष, एक रिपोर्ट. जुन्याचा दुवा मात्र दिला.

१४ ऑगस्ट

मेंटेनरचा प्रश्न आला : युनिकोडमध्ये यासाठी ऱ आहे तर तुम्ही सगळीकडे तोच का वापरत नाही?

पहिल्या वाचनात हे टोलवल्यासारखं वाटलं, म्हणून उत्तर लगेच लिहिलं नाही. रात्री पुन्हा वाचलं तर तो सरळ प्रश्न होता. माणूस खरंच समजून घेत होता. उत्तर दिलं : दोन्ही पद्धती युनिकोडला मान्य आहेत, कळफलक कुठली पद्धत टाकेल ते टाइप करणाऱ्याच्या हातात नसतं, आमच्याकडच्या जुन्या फाइली जॉइनरने भरलेल्या आहेत, आणि सिंहली, फारसीला असा दुसरा पर्याय नाही. त्यानंतर 'दोष पडताळला' अशी खूण लागली. त्याने लिहिलं की इमोजीची ओळ पाहताक्षणी लक्षात आलं.

२३ ऑगस्ट

पोळा झाला. रिपोर्टवर हालचाल नाही. कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "ताई, रोज एक मेल टाकत जा, म्हणजे हलतील." नाही टाकला.

यामागे नुसता संकोच नाही. एक्सझेड या छोट्या पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पाचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. थकलेल्या एकट्या मेंटेनरवर काही खाती 'इतका उशीर का' म्हणून दबाव टाकत राहिली, आणि पुढे ज्याच्या हाती अधिकार गेले त्याने त्यात चोरदार बसवलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांनी ते उघड केलं. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून ते मागे लागले होते आणि मोजमापांसकट सगळं मांडलं होतं. फुकट काम करणाऱ्याला घाई केली की काय होऊ शकतं, ते तिथे दिसलं.

तोवर आयात बंद ठेवली आहे. मुली नोंदी थेट फॉर्ममधून भरतायत. काम निम्म्या वेगाने चाललंय, पण बिघडत तरी नाही.

८ सप्टेंबर

गणपती गेले. दरम्यान सॉफ्टवेअरची एक छोटी आवृत्ती आली, त्यावर नमुना फाइल पुन्हा चालवली. दोष आहे. तेवढंच लिहिलं : 'नव्या आवृत्तीवरही तपासलं, निकाल तोच.' नुसतं 'काही प्रगती?' विचारलं तर समोरच्याला फक्त उत्तराचं ओझं होतं. नवी माहिती घेऊन गेलं की आठवणही होते आणि कामही पुढे सरकतं.

१५ सप्टेंबर

पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, आला, सोबत चाचणीसाठीची आवृत्ती. अंदाज बरोबर निघाला, फॉरमॅट गटातली सगळी चिन्हं एका झटक्यात काढली जात होती. तो साफसफाईचा भागच त्यांनी काढून टाकला होता. पाचही ओळी शाबूत! वाचनालयात टाळ्या वाजल्या.

१७ सप्टेंबर

टाळ्या जरा लवकर झाल्या. वाचनालयाच्या संगणकावरची, एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून जतन केलेली फाइल आयात केली तर 'दाखल क्रमांक हा स्तंभ सापडला नाही' असा संदेश. पुन्हा हेक्सडम्प. फाइलच्या अगदी सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट, म्हणजे बाइट ऑर्डर मार्क, मजकूर कसा साठवला आहे ते सांगणारी न दिसणारी खूण. एक्सेल तो घालतं. तोही फॉरमॅट गटातलाच. आधीची साफसफाई त्याला काढत होती, आता तो पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटून राहत होता.

म्हणजे ती साफसफाई मुळात कशासाठी आली होती, तेही उमगलं. कोणाच्या तरी खऱ्या अडचणीसाठी आली होती. हे त्याच रिपोर्टमध्ये कळवलं, कारण ते याच पॅचमुळे घडत होतं. शब्द असे ठेवले : 'पॅचने मूळ दोष गेला, पाचही ओळी बरोबर आहेत, आभार. एक नवी गोष्ट दिसली, दुसरा नमुना जोडला आहे.' काय जमलं ते आधी, काय राहिलं ते नंतर. हा क्रम खुशामतीसाठी नाही. पॅच अख्खा मागे घ्यायचा की त्यात भर घालायची, हे त्यांना त्यावरूनच ठरवता येतं.

दोन दिवसांनी दुसरा पॅच. आता फाइलच्या सुरुवातीचा मार्क आणि झिरो विड्थ स्पेस, एवढंच काढलं जातं. जॉइनर आणि नॉन-जॉइनर राहतात. दोन्ही नमुने आणि आमची पूर्ण फाइल चालवून 'ठीक' कळवलं.

नमुना फाइल प्रकल्पाच्या चाचणीसंचात घेऊ का, त्यांच्या परवान्याखाली द्याल का, असं विचारणं झालं. हो म्हटलं. आता प्रत्येक रिलीजआधी तो 'वऱ्हाड' आपोआप तपासला जाईल. मला या सगळ्यात सर्वांत जास्त आनंद याचा आहे.

४ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर रिलीज आला. वाचनालयात टाकला.

११ ऑक्टोबर

आधीच बिघडलेल्या नोंदींची डागडुजी. 'र्ह' शोधून सगळीकडे 'ऱ्ह' करा, असं कोणी सुचवलं तर करू नका. अर्हता, गर्हा हे शब्द रफाराचेच आहेत. 'र्य' बदलला तर सूर्य, आचार्य, कार्य यांची वाट लागेल. पेनड्राइव्हवरची मूळ सीएसव्ही काढली, दाखल क्रमांकावरून नोंदी जुळवल्या आणि फक्त शीर्षक, लेखक, प्रकाशक हे तीन स्तंभ पुन्हा भरले. मूळ फाइल नसती तर दाखल नोंदवही घेऊन एकेक ओळ वाचत बसावं लागलं असतं. आधी पूर्ण बॅकअप घेतला, पहिली ५० पुस्तकं कपाटासमोर उभं राहून ताडून पाहिली, मगच उरलेली चालवली. १५ तारखेला वाचन प्रेरणा दिन आहे, त्याआधी यादी वाचकांसाठी उघडता येईल.

शोधाचा रिपोर्ट वेगळा टाकला आहे : दोन्ही पद्धतींचा 'वऱ्हाड' एकमेकांना सापडावा. तो दोष नसून सुधारणेची विनंती आहे, तशीच खूण लावली. अजून उघडा आहे. वर्णक्रमाच्या रिपोर्टसाठी नमुना तयार होतोय : काळ, कावळा, कासव, क्षितिज, खजिना. सध्या यादी नेमकी याच क्रमाने येते. ळ हा ह नंतर आणि क्ष त्याच्याही मागे यायला हवा, म्हणजे कावळा, कासव, काळ, खजिना, क्षितिज. युनिकोडच्या सीएलडीआर संग्रहात मराठीचा क्रम दिलेला आहे, त्याचा उल्लेख सोबत करणार आहे. आधी जुने रिपोर्ट शोधून घेते, कोणी बंगाली किंवा गुजरातीसाठी हेच मागितलं असेल तर त्यातच आमचा नमुना जोडता येईल.